हार्डशिपची सवलत: आयुक्तांच्या सहीने द्यावी की शेजाऱ्यांसमोर सुनावणी घेऊन?

सामासिक

मुंबईच्या 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतला (इमारती कशा बांधायच्या ते ठरवणारे नियम) नियम 64(ब) बांधकाम क्षेत्रातल्या प्रत्येकाला पाठ आहे. उघड दिसणारी अडचण (हार्डशिप) असेल तर महापालिका आयुक्त लेखी कारणं नोंदवून कोणत्याही मापात सूट देऊ शकतात. चटई क्षेत्र निर्देशांकाला (प्लॉटच्या मानाने किती बांधकाम करता येतं त्या प्रमाणाला) हात लावता येत नाही, आणि आरोग्य, अग्निसुरक्षा, इमारतीची मजबुती यांना बाधा येता कामा नये. मुंबईच्या 2034 पर्यंतच्या विकास आराखड्याच्या नियमावलीत हेच कलम आहे. मुंबईबाहेर 2020 च्या एकत्रीकृत नियमावलीतही ते थोड्या फरकाने आहे. कागदावर चांगलं कलम आहे. पण अर्जदार, आर्किटेक्ट आणि नगररचना विभाग सोडून कुणाला त्याचा पत्ता लागत नाही. बाजूचं सामासिक अंतर (इमारत आणि हद्द यांच्यात मोकळी सोडायची जागा) साडेचार मीटरचं तीन झालं हे शेजारच्या सोसायटीला कळतं ते स्लॅब पडल्यावर.

माझी मागणी अशी: सूट जाहीर सुनावणीनंतरच मिळावी आणि निष्कर्ष लिहून मिळावी. कॅलिफोर्नियातली शहरं हे काम कसं करतात ते थोडं सविस्तर सांगतो.

तिथलं प्लॅनिंग कमिशन म्हणजे आपल्या दिल्लीतल्या जुन्या नियोजन आयोगासारखं काही नव्हे. नगर परिषदेने नेमलेले बहुधा 5 किंवा 7 नागरिक ठरल्या दिवशी संध्याकाळी बसतात. त्यांच्यापुढे मुख्यतः दोन तऱ्हेचे अर्ज येतात. व्हेरियन्स म्हणजे मापातली सूट: अंतर, उंची, पार्किंग. यूज परमिट म्हणजे त्या झोनमध्ये चालणारा, पण अटी घालूनच चालणारा वापर: बार, पेट्रोल पंप, प्रार्थनास्थळ. झोनमध्ये मुळातच न बसणारा वापर व्हेरियन्सच्या नावाखाली घुसवायला राज्याच्या कायद्याने मनाई आहे.

अर्ज पूर्ण आहे की नाही हे 30 दिवसांत लेखी कळवावं लागतं. मग नगररचनाकार जागा बघून अहवाल लिहितो. सुनावणीच्या किमान 10 दिवस आधी 300 फुटांच्या आतल्या सगळ्या मालकांना नोटीस जाते. विषयपत्रिका 72 तास आधी लागते. सुनावणीत आधी अहवाल, मग अर्जदार, मग लोक (बहुतेक ठिकाणी माणशी दोन-तीन मिनिटं), मग अर्जदाराचं उत्तर. त्यानंतर सुनावणी बंद होते आणि सदस्य सगळ्यांसमोर बोलून मत देतात. ज्या सदस्याचं स्वतःचं घर 500 फुटांच्या आत आहे, त्याला साधारणपणे उठून बाहेर जावं लागतं.

खरी मेख निष्कर्षात आहे. एक नमुना घ्या. प्लॉट पाचरीसारखा, पुढे 50 फूट, मागे 22. दोन्ही बाजूंना 5-5 फूट सोडले तर मागे 12 फुटांची खोली उरते. "अर्जदाराचं कुटुंब वाढलं आहे, आराखडा सुंदर आहे, शेजाऱ्यांची हरकत नाही" हा निष्कर्ष नव्हे. "या प्लॉटची मागची रुंदी 22 फूट आहे, याच झोनमधले लगतचे प्लॉट मागेही 50 फूट आहेत, म्हणून 5 फुटांचा नियम जसाच्या तसा लावला तर शेजाऱ्यांना मिळणारी सोय या मालकाला मिळत नाही, मागच्या 20 फुटांपुरतं अंतर 3 फूट केल्याने ती मिळते, जास्त काही मिळत नाही" हा निष्कर्ष. अडचण प्लॉटची हवी, मालकाची नको. तुलना शेजारच्या प्लॉटशी हवी.

1974 मध्ये टोपांगा प्रकरणात कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने हेच ठरवलं. लॉस एंजेलिस काउंटीने 28 एकरांवर 93 फिरत्या घरांची वसाहत व्हेरियन्स देऊन मंजूर केली होती. अहवालात त्या जमिनीबद्दल भरपूर लिहिलं होतं, आजूबाजूच्या जमिनींशी तुलना मात्र नव्हती. पुरावा आणि निर्णय यांना जोडणारा धागा कागदावर दिसलाच पाहिजे, असं सांगून न्यायालयाने मंजुरी टिकू दिली नाही.

गावठाण

सामासिक, प्रक्रिया बरोबर मांडली आहेत, पण ती कुठे लावायची याचा विचार करा. कॅलिफोर्नियात पाचरीसारखा प्लॉट हा अपवाद असतो. आपल्या पेठांत, गावठाणांत, वाड्यांच्या वाटण्या होऊन उरलेल्या तुकड्यांत तो नेहमीचा प्रकार आहे. तीन-चार गुंठ्यांचे, एका बाजूला वाकडी हद्द असलेले प्लॉट. मोजणी नकाशा आणि जागेवरचा ताबा यांत फूट-दीड फुटाचा फरक. अशा प्रत्येक फायलीवर सुनावणी घेतली तर जुन्या इमारतीतले भाडेकरू भाड्याच्या घरांत किती दिवस काढणार?

आणि शेजारी काय करेल तेही बोलू. पुनर्विकासात शेजारच्या सोसायटीची हरकत नेहमी उजेड-वाऱ्यासाठीच असते असं नाही. हद्दीची भिंत बांधून द्या, आमच्या पार्किंगला डांबर टाका, नाहीतर सरळ रक्कम द्या. आज अशी माणसं न्यायालयाच्या खर्चाला भिऊन थांबतात. तुम्ही त्यांना फुकटची खिडकी उघडून देताय. त्यात महाराष्ट्राच्या नगररचना कायद्याच्या 45 व्या कलमात 60 दिवसांत उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाल्याचं धरलं जातं. त्या 60 दिवसांत नोटीस, हरकती, सुनावणी आणि सकारण आदेश बसवून दाखवा.

सॅक्रामेंटोकर

कॅलिफोर्नियाचं उदाहरण द्यायचं तर पूर्ण द्या. ज्या सुनावणीचं तुम्ही कौतुक करताय, तिने या राज्यात घरं अडवली. चारमजली इमारत आली की सावली पडेल, गाड्या वाढतील, परिसराचं रूप बदलेल म्हणून रांग लागते. रांगेत घर असलेले असतात. जो अजून त्या शहरात राहायला आलेला नाही, त्याला नोटीस जात नाही.

म्हणून राज्यानेच शहरांचे हात बांधले. 2017 च्या एसबी 35 या कायद्यानुसार घरांचं उद्दिष्ट न गाठलेल्या शहरांत ठरलेल्या अटी पाळणारा प्रकल्प सुनावणीशिवाय मंजूर होतो. 2019 च्या एसबी 330 ने वस्तुनिष्ठ नियमांत बसणाऱ्या गृहप्रकल्पावर जास्तीत जास्त पाच सुनावण्यांची मर्यादा घातली. परसदारी छोटं दुसरं घर बांधायचं तर बाजूला आणि मागे 4 फुटांपेक्षा जास्त अंतर शहर मागू शकत नाही, आणि निर्णय 60 दिवसांत, सुनावणी नाही. परवडणारी घरं ठरलेल्या प्रमाणात दिली तर उंची, अंतर यांतली शिथिलता व्हेरियन्सशिवाय, हक्काने मिळते. जिथून हे राज्य बाहेर पडतंय, तिथे महाराष्ट्राने का शिरायचं?

सामासिक

सॅक्रामेंटोकर, ही सगळी उदाहरणं नियमात बसणाऱ्या बांधकामाची आहेत. "वस्तुनिष्ठ नियमांत बसणारा" हे शब्द तुमचेच. नियम पाळतोय त्याला सुनावणी कशाला, हे मलाही मान्य आहे. मी बोलतोय नियम मोडून परवानगी मागणाऱ्याबद्दल. त्याच्यासाठी व्हेरियन्सची सुनावणी आणि निष्कर्षांची सक्ती आजही तशीच आहे.

गावठाण, शेजारी पैसे मागेल ही भीती खरी आहे. पण निर्णय हरकती मोजून होत नाही. "मला वाटतं त्रास होईल" याला वजन नाही. "माझ्या स्वयंपाकघराची एकमेव खिडकी त्या बाजूला आहे, हा मंजूर नकाशा" याला आहे. आणि शेजाऱ्याचा आजचा रस्ता बघा. त्याच नगररचना कायद्याच्या 47 व्या कलमाखालचं अपील फक्त अर्जदाराला, 40 दिवसांत. शेजाऱ्याला अपीलच नाही. त्याने थेट उच्च न्यायालयात रिट करायची, तोवर इमारत जोत्याच्या वर आलेली.

छाननी

दोन्ही बाजू एक गोष्ट सोडून बोलताय: प्रीमियम, म्हणजे सवलतीसाठी महापालिकेला भरायची रक्कम.

आपल्याकडची सवलतीची फाइल उघडली की आत एक तक्ता असतो. आवश्यक अंतर, प्रस्तावित अंतर, कमतरता, टक्केवारी. कमतरतेच्या खाली प्रीमियमचा हिशेब. आणि त्याच्या वर "प्लॉट अरुंद असल्याने हार्डशिप" हे एक वाक्य. प्लॉट किती अरुंद, शेजारचे किती रुंद, इमारत दोन मजले कमी केली तर अंतर बसतं का, यातलं काही नाही. इमारत उंच घेतली म्हणून अंतर जास्त लागतं, अंतर बसत नाही म्हणून हार्डशिप. ही अडचण अर्जदाराने स्वतः तयार केलेली आहे. प्लॉट 18 मीटर रुंद आहे हे घेणाऱ्याला घेताना माहीत होतं.

कॅलिफोर्नियात अर्जाची फी ही काम करायला येणाऱ्या वाजवी खर्चापेक्षा जास्त घेता येत नाही. अट घालून काही मागायचं तर त्याचा प्रकल्पाच्या परिणामाशी संबंध दाखवावा लागतो (1987 चा नोलन खटला) आणि ते परिणामाच्या प्रमाणात असावं लागतं (1994 चा डोलन). आपल्याकडे सवलत दिली की महापालिकेला उत्पन्न आणि नाकारली की शून्य. अशा तक्त्यावर सही करणाऱ्याकडून तटस्थ निष्कर्षाची अपेक्षा कशी धरायची? सुनावणी असो वा नसो, आधी हा धागा तोडा. पैसे भरल्याने बंद झालेला वारा परत येत नाही.

गावठाण

प्रीमियमवर छाननींशी सहमत. पण त्यातून निघणारा उपाय सुनावणीचा नाही, नियम बदलण्याचा आहे, आणि तो मुंबईने एकदा केलेला आहे. फ्लॉवर बेड (खिडकीबाहेरचा झाडांचा कट्टा), व्हॉइड (रिकामी सोडलेली जागा), निश (भिंतीतला कोनाडा) असली क्षेत्रं वर्षानुवर्षं निर्देशांकातून सुटत राहिली आणि नंतर घरात मिळवली गेली. फ्लॉवर बेडची खोली व्हायला एक भिंत पाडावी लागते, बस. जानेवारी 2012 च्या बदलाने ती निर्देशांकात मोजायला सुरुवात झाली. त्याबदल्यात प्रीमियम भरून रहिवासी इमारतींना 35 टक्के आणि व्यापारी इमारतींना 20 टक्के फंजिबल (निर्देशांकाच्या वरचं वाढीव) क्षेत्र सगळ्यांना सारखं मिळालं. फाइलगणिक मर्जीचा प्रश्न एका फटक्यात कमी झाला. कुठेही सुनावणी लागली नाही. जी सूट शंभर जण मागतात ती हार्डशिप नसतेच, तो चुकलेला नियम असतो. नगररचना कायद्याच्या 37 व्या कलमाने नियमावलीत बदल करा. त्यात राजपत्रात नोटीस, एक महिना हरकती-सूचना, सुनावणी, सगळं आहे. लोकांना एकदाच विचारा आणि नियम सगळ्यांना लावा.

तळमजला

मापांवरच अडकलात. वापराचं काय?

29 डिसेंबर 2017 ला कमला मिलमधल्या गच्चीवरच्या रेस्टॉरंटना आग लागून 14 जण गेले. एखाद्या जागेत रेस्टॉरंट चालवायचं तर आपल्याकडे आरोग्य खात्याचा परवाना वेगळा, उत्पादन शुल्काचा वेगळा, अग्निशमन वेगळं, मंजूर नकाशा वेगळा. प्रत्येक खातं आपल्यापुरतं बघतं. या ठिकाणी, या मजल्यावर, इतक्या माणसांसाठी, इतक्या वाजेपर्यंत, असा एकत्र विचार करणारा कागद नसतो.

यूज परमिट हा तो कागद आहे. बारसाठी घातलेल्या अटी कशा असतात बघा: रात्री 11 नंतर बाहेरच्या जागेत गिऱ्हाईक नको, आसनसंख्या अमुक, मागचं दार गोंगाट बाहेर जाऊ नये म्हणून बंद पण आतून ढकलताच उघडणारं, कचरा सकाळी 7 च्या आधी हलवायचा नाही. अटी मोडल्या की पुन्हा सुनावणी आणि परमिट रद्द होऊ शकतं. त्यात परमिट माणसाला नसतं, जागेला असतं. कॅलिफोर्नियातल्या बर्लिंगेम शहराच्या 1987 च्या खटल्यात न्यायालयाने सांगितलं की ते जमिनीबरोबर जातं, मालक बदलला तरी. म्हणून अट लिहिताना आजचा चालक सज्जन आहे हे कारण चालत नाही. उद्या कुणीही येईल असं धरून लिहावी लागते. आपल्या वापर-बदलाच्या परवानगीत या ताकदीच्या अटी मला दिसलेल्या नाहीत. इथे मी सुनावणीच्या बाजूने आहे, कारण रात्री एक वाजता गल्लीत काय होतं हे फक्त शेजाऱ्याला माहीत असतं.

सॅक्रामेंटोकर

वापराबाबत तळमजलांचं पटतं. पण एक व्यवहारातला दोष सांगतो. कमिशन थकतं. रात्री साडेदहाला सदस्य अहवालातले निष्कर्ष न वाचता "अहवालाप्रमाणे मंजूर" म्हणतात. अहवाल लिहिणाऱ्याने आधीच्या शहरातले निष्कर्ष चिकटवलेले असतील तर टोपांगाचा धागा तिथेच तुटतो. ते पकडायला कुणीतरी 90 दिवसांत न्यायालयात जावं लागतं, आणि जो मुद्दा सुनावणीत मांडला गेला नाही तो तिथे काढताही येत नाही. सुनावणी झाली म्हणजे कारणं लिहिली गेली, असं समजू नका.

सामासिक

हे मान्य करून मागणी बदलतो. गावठाण म्हणतात तसं, वारंवार मागितल्या जाणाऱ्या सवलती 37 खाली नियमात घ्या. उरलेल्या खऱ्या अपवादांसाठी दोन गोष्टी. एक, कारणं लिहिणं हे 64(ब) पासून कायद्यातच आहे, ती आदेशासोबत संकेतस्थळावर टाका. माहितीच्या अधिकारात महिनाभर थांबायला लावू नका. दोन, प्लॉटवर फलक लावा.

गावठाण

फलकाला माझा विरोध नाही, सुनावणीला आहे. पण फलकावर "नियमानुसार सवलत प्रस्तावित" असं लिहून भागणार नाही. कोणती बाजू, आवश्यक किती मीटर, प्रस्तावित किती, आणि लेखी हरकत कुणाकडे, किती तारखेपर्यंत, एवढं मराठीत, रस्त्यावरून वाचता येईल अशा अक्षरांत. हरकत फक्त उजेड, वारा, आग आणि हद्द या चार बाबींवर घ्यायची. हद्दीच्या हरकतीसोबत मोजणीची क-प्रत (भूमी अभिलेख खात्याच्या मोजणी नकाशाची प्रत) जोडलेली नसेल तर ती दाखलच करून घेऊ नये.

छाननी

फलकात पाचवी ओळ घाला: "दोन मजले कमी केल्यास सवलतीची गरज आहे / नाही." आणि तिच्याखाली आर्किटेक्टची सही.