मदत हवी आहे: मेक्सिकन पिटुनिया (रुएलिया) वाफ्याबाहेर पसरतेय, फुलं ठेवून पसारा कसा आवरायचा?

अंगणवेल:

नमस्कार मंडळी. कुंपणाच्या भिंतीलगत १२ फूट लांब आणि २ फूट रुंद वाफा आहे. त्यात तीन वर्षांपासून जांभळी मेक्सिकन पिटुनिया, म्हणजे रुएलिया सिम्प्लेक्स, आहे. उंची साधारण साडेतीन फूट, दिवसभर ऊन, फुलांना तोटा नाही.

अडचण वाफ्याबाहेर आहे. लॉनमध्ये वाफ्यापासून दोन-तीन फुटांवर जाड कोंब वर येतात. दुसऱ्या बाजूला पेव्हरच्या फटींत बारीक रोपं उगवतात, काही तर वाफ्यापासून आठ-दहा फूट दूर. उपटली तरी पंधरा-वीस दिवसांत त्याच जागी पुन्हा हजर. भिंतीपलीकडे पावसाच्या पाण्याचा चर आहे आणि तो पुढे ओढ्याला मिळतो. तिथे अजून एकही रोप दिसलेलं नाही, पण खरी धास्ती तिकडचीच आहे.

१) लॉनमधले कोंब आणि फटींतली रोपं एकाच कारणाने येतात का?
२) जमिनीत अडथळा घालायचा तर किती खोल, आणि कशाचा?
३) बी न धरणारी जात आणली तर प्रश्न मिटेल का?
४) उपटलेलं कुठे टाकायचं?

फुलं आवडतात, त्यामुळे झाड पूर्ण काढायची तयारी नाही. पण काढणं भाग असेल तर तसं स्पष्ट सांगा.

ओलीमाती:

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. कारणं दोन आहेत आणि उपायही वेगवेगळे.

लॉनमधला एक कोंब न ओढता त्याच्या बाजूची माती बोटांनी मोकळी करा. तीन-चार इंचांवर पांढरट, पेन्सिलीपेक्षा बारीक, आडवं खोड लागेल. त्याला पेरं असतात आणि प्रत्येक पेऱ्यावर डोळा. हे मूळ नव्हे, जमिनीखालचं खोड आहे. कोंब ओढला की ते मध्येच तुटतं, आत राहिलेल्या तुकड्यावरचे डोळे फुटतात आणि एकाच्या जागी दोन-तीन कोंब येतात. तुमचे 'त्याच जागी पुन्हा हजर' त्यातलेच.

फटींतली रोपं बियांची. सुरुवातीला दोन गोलसर दलपत्रं, म्हणजे बी रुजल्यावर येणारी पहिली पानं, दिसतात, खाली दोऱ्यासारखं एक मूळ असतं आणि रोप एका हिसक्यात अख्खं हातात येतं. शंका असेल तर उपटलेल्याचं खालचं टोक पाहा. निमुळतं असेल तर बियांचं. टोक तुटून आडवा काप दिसत असेल तर खाली काहीतरी उरलं आहे.

बिया इतक्या लांब जातात त्या शेंगेमुळे. रुएलिया अबोली-कोरांटीच्या कुळातली. अबोलीची पिकलेली शेंग कशी तडकते ते ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. हिची शेंग इंचभर लांब, बारीक, आधी हिरवी आणि मग तपकिरी होते. आत चपट्या चकत्यांसारख्या बिया प्रत्येकी एका छोट्या आकड्यावर टेकलेल्या असतात. शेंगेची दोन शकलं झटक्यात उलगडली की आकडे बिया भिरकावून देतात. एक बी बशीतल्या पाण्यात टाकून बघा, थोड्याच वेळात तिच्याभोवती पारदर्शक चिकट वलय तयार होतं. त्या चिकटपणामुळे ती चपलेला, खुरप्याला, गवत कापायच्या यंत्राच्या पात्याला लागून फिरते. म्हणून वाफ्याजवळचं गवत कापून झालं की यंत्र तिथेच पुसा, मग दुसरीकडे न्या.

शेंगा रोखायला एकेक सुकलेलं फूल खुडत बसू नका. प्रत्येक फूल एकच दिवस टिकतं, १२ फुटांच्या वाफ्यात ते शक्यच नाही. आठवड्यातून एकदा वाफा नीट पाहा आणि हिरव्या शेंगा दिसू लागल्या की सगळी झुडपं वरून एक तृतीयांश कापा. फुलं नव्या फुटीवर येत असल्याने काही आठवड्यांत वाफा पुन्हा बहरतो. तपकिरी शेंगा आधीच असतील तर कापण्यापूर्वी फांदी हळूच वाकवून कागदी पिशवीत घ्या. कात्रीच्या धक्क्यानेही त्या फुटतात.

निवडुंग:

अडथळ्याबद्दल. जाड प्लास्टिक पत्रा घ्या, एचडीपीईचा, जाडी किमान १ मिलिमीटर, रुंदी २० इंच. १८ इंच जमिनीत आणि २ इंच वर. तण येऊ नये म्हणून अंथरतात ते काळं कापड इथे चालत नाही. कोंब त्याच्या विणीतून घुसतात, मुळं त्यात गुंततात आणि नंतर कापड काढताना खोडांचे तुकडे सगळीकडे विखुरतात. विटांची कडही नको, सांध्यांतून वाट काढली जाते.

भिंत आहेच म्हणून तीन बाजूंनाच पत्रा लावायचा मोह होईल. तसं करू नका. भिंत आणि माती यांच्यात फट असतेच आणि तुमचा चर नेमका पलीकडे आहे. चारही बाजूंनी वेढा घाला. वाफ्याचा घेर २८ फूट, दोन टोकं एकमेकांवर चढवायला १ फूट, म्हणजे २९ फूट पत्रा. चढवलेल्या भागात दोन्ही बाजूंनी पट्ट्या धरून नटबोल्टने आवळा, नुसती चिकटपट्टी ओल्या मातीत सुटते. पत्रा वरच्या टोकाला किंचित बाहेर झुकलेला ठेवा, म्हणजे त्याला आपटलेलं खोड खाली न शिरता वर येतं आणि दिसतं. भिंतीपासून ६ इंच जागा मोकळी सोडा. तिथे हात गेला पाहिजे.

बहुतेक अडथळे फसतात ते वरच्या कडेला. पालापाचोळ्याचं आच्छादन किंवा खत घालत गेलं की दोन इंच कधी बुजले ते कळत नाही आणि खोड कडेवरून अलगद पलीकडे उतरतं. दर पावसानंतर एक फेरी मारून कड मोकळी करा. पाणीही वाफ्याच्या आतच द्या. बाहेरची माती ओली राहिली तर बाहेर पडलेलं बी रुजतं.

रानजाई:

निवडुंग यांनी सांगितलेला वेढा बरोबर आहे, पण तो फक्त जमिनीखालच्या खोडाला अडवतो. ओढ्याला मिळणारा चर भिंतीपलीकडे असताना शेंगा धरणारी रुएलिया जमिनीत ठेवूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. तुम्ही आठवडाभर दुसरीकडे असाल तरी शेंगा पिकायच्या थांबत नाहीत. कोरड्या जागेत तग धरणारं हे झाड ओल्या काठावर त्याहून जोमाने वाढतं. फ्लोरिडात ते बागांतून सुटून पाणथळ जागांत आणि ओढ्याकाठी शिरलं आणि तिथल्या आक्रमक वनस्पतींच्या यादीत पहिल्या वर्गात गेलं. एकदा काठावर दाट वाढ झाली की खालचं मूळचं झाडझाडोरं दबून जातं. बागेतून ते काढता येतं. ओढ्यातून काढणं कुणा एकाच्या आवाक्यातलं काम नाही.

आता तिसरा प्रश्न. फ्लोरिडा विद्यापीठाने शेंगा न धरणारे वाण तयार केले आहेत: मायन पर्पल, मायन पिंक, मायन व्हाइट. त्याआधीचा पर्पल शॉवर्सही बी धरत नाही. पण बी नाही म्हणजे पसरत नाही, असं समजू नका. पर्पल शॉवर्स जमिनीखालून चांगलाच पसरतो. केटी नावाची ठेंगणी जात ८ ते १२ इंचांची, गोल झुबका करून राहते, त्यामुळे निरुपद्रवी वाटते. ती शेंगा धरते आणि बियांनी भरपूर पसरते.

खरेदी करताना नावावर विसंबू नका. हेच झाड रुएलिया ब्रिटोनियाना, रुएलिया ट्वीडियाना अशा जुन्या नावांनीही विकलं जातं. फुललेली कुंडी घ्या आणि गळालेल्या फुलांच्या जागा पाहा. हिरवी लांबट शेंग कुठेही दिसली तर ते रोप नको.

आणि नवं वाण जुन्याच वाफ्यात लगेच लावू नका. मातीत जुन्या बिया आणि खोडांचे तुकडे असतात, पानं सारखीच दिसतात, जुनं कुठलं आणि नवं कुठलं ते ओळखू येत नाही.

अंगणवेल:

सगळ्यांचे मनापासून आभार. वाफ्याच्या पलीकडच्या कडेला शेंगा सापडल्या, हिरव्या आणि तपकिरी दोन्ही. त्यामुळे जमिनीतून काढायचं आणि बी न धरणारी जात कुंडीत ठेवायची, हे पक्कं. आता काढायचं कसं? तणनाशक टाळता आलं तर हवं. आणि कुंडी किती मोठी?

खुरपं:

वाफा आधी कापून नंतर खणा, उलट नको. शेंगा पिशवीत घेऊन झाल्या की झुडपं जमिनीपासून ६ इंचांवर कापा. खुंट ठेवायचे ते खाली कुठे काय आहे ते कळावं म्हणून. आदल्या दिवशी भरपूर पाणी द्या. कोरड्या मातीत खोड तुटतं, भिजलेल्या मातीतून लांब निघतं.

कुदळीने घाव घालू नका, त्याने तुकडे होतात. दाते असलेलं फावडं झुडपापासून फूटभर दूर रोवा, खालून उचला आणि ढेकूळ हाताने फोडा. एका टोकापासून एकेक फुटाची पट्टी करत चला, फूटभर खोलीपर्यंत. निघालेली माती ताडपत्रीवर पसरून अर्ध्या इंचाच्या जाळीतून चाळा. १२ बाय २ फुटांची फूटभर खोल माती म्हणजे २४ घनफूट. एका दिवसात उरकायची घाई केली की चाळणं कच्चं राहतं, आणि मेहनत तिथेच वाया जाते. दोन-तीन दिवस धरा.

माती परत भरून पाणी द्या आणि उगवू द्या. जे वर येईल ते चार-पाच पानांचं व्हायच्या आत खुरप्याने मुळासकट काढा. ऐन उन्हाळा असेल तर ओल्या सपाट मातीवर पारदर्शक प्लास्टिक अंथरून कडा मातीने दाबा आणि ४ ते ६ आठवडे ठेवा. त्याने वरच्या थरातल्या बिया आणि कोवळी रोपं मरतात, खोल गेलेली खोडं मात्र वाचतात. पूर्ण एक हंगाम वाफ्यात दुसरं काही लावू नका.

लॉनमधल्या कोंबांना खणणं जड जातं. नुसतं गवत कापत राहिलात तर कोंब बुटके होतात पण मरत नाहीत. तिथे ग्लायफोसेट या तणनाशकाचा विचार करावा लागू शकतो, तुमच्याकडे घरगुती वापराला परवानगी असेल तरच आणि लेबलवरच्या प्रमाणातच. ते फवारू नका, गवतही जळेल. कोंब फूटभर वाढू द्या, रबरी हातमोजे घालून द्रावणात भिजवलेला आणि पिळलेला स्पंज पानांवरून फिरवा. पुढचे सहा तास पाऊस नको. मग १५ दिवस कापू नका, औषध पानातून खोडापर्यंत उतरायला वेळ लागतो. पानं पिवळी पडताहेत म्हणून घाईने उपटलं की खालचं जिवंत राहतं. एका वेळेने भागत नाही, नवी फूट आली की पुन्हा. चराच्या बाजूला मात्र तणनाशक अजिबात नको, तिथे हातानेच काढा.

उपटलेलं कंपोस्टमध्ये टाकू नका. कापलेल्या फांद्याही पेऱ्यापाशी सहज मुळं धरतात, पाण्याच्या ग्लासातसुद्धा. सगळं काळ्या पिशवीत घालून तोंड बांधा आणि काही आठवडे कडक उन्हात ठेवा. पूर्ण कुजून चिखल झाला की मग कचऱ्यात. शेंगांची पिशवी वेगळी ठेवा, ती उघडूच नका.

निवडुंग:

कुंडी १४ ते १६ इंच तोंडाची, एका कुंडीत एकच रोप. ती मातीवर कधीही ठेवू नका, निचऱ्याच्या भोकातून मुळं थेट जमिनीत जातात. फरशीवर, तीन विटांवर, खाली हात जाईल इतकी उंच ठेवा आणि महिन्यातून एकदा तळ तपासा. दिवसातून निदान सहा तास ऊन हवं, सावलीत झाड नुसतं उंच होतं आणि फुलं कमी येतात. दोन वर्षांनी कुंडी गच्च भरली की झाड काढून चार भाग करा, एक परत लावा, उरलेले तीन पिशवीत. मागणाऱ्याला द्यायचे झाले तर हे सगळं सांगूनच द्या.

ओलीमाती:

एक राहिलं. वाफा काढायला घेण्याआधी चराच्या तोंडाशी बारीक जाळी लावा. खणताना सैल झालेली माती पहिल्या जोरदार पावसात तिथेच वाहून जाणार, आणि बिया तिच्यातच आहेत. पाऊस गेल्यावर चरात ५०-६० फूट चालून दोन दलपत्रांची रोपं शोधा, आणि पुढच्या पावसानंतर पुन्हा एकदा.