अनुभव धागा : तारखांचा हिशेब आणि रंगाचा हात

बाळासाठी प्रयत्न सुरू केले की महिन्याचे सरळ दोन भाग पडतात. पहिल्यात करण्यासारखं बरंच असतं : पट्ट्या, थर्मामीटर, ॲप, डॉक्टरांकडे फेऱ्या. दुसऱ्यात काही नसतं, नुसतं थांबायचं. माझ्या त्या दुसऱ्या भागात खणांचं एक जुनं टेबल आलं आणि मी ते रंगवायला घेतलं. नंतर बोलता बोलता कळलं की असं काहीतरी हातात घेणारी मी एकटी नाही. म्हणून हा धागा, दोन्हीसाठी. ओव्ह्युलेशन (म्हणजे स्त्रीबीज सुटणं) कसं ओळखता, कशाने चकवलं, कशाचा खरंच उपयोग झाला ते लिहा. आणि लाकूड घासत-रंगवत असाल तर तेही लिहा. एकच विनंती. ‘टेन्शन घेऊ नका, आपोआप होईल’ हे वाक्य इथे नको. ते आम्हाला घरपोच मिळतं.

सुरुवात मी करते. माझी पाळी ३२-३३ दिवसांनी येते. सगळीकडे सांगतात तो चौदावा दिवस २८ दिवसांच्या पाळीचा. ओव्ह्युलेशननंतरचा काळ बहुतेकींचा १२ ते १४ दिवसांचा आणि बऱ्यापैकी ठरलेला असतो. लांबतो-आखडतो तो त्याच्या आधीचा. म्हणजे १४ दिवस मोजायचे ते पुढच्या पाळीपासून मागे. त्या हिशेबाने माझं ओव्ह्युलेशन अठराव्या-एकोणिसाव्या दिवसाच्या आसपास पडतं. शिवाय स्त्रीबीज टिकतं जेमतेम १२ ते २४ तास, शुक्राणू मात्र पाच दिवसांपर्यंत तग धरू शकतात. त्यामुळे ‘तो’ एक दिवस गाठायची धडपड करण्यापेक्षा त्याच्या आधीचे दोन-तीन दिवस हातचे जाऊ न देणं जास्त कामाचं.

आता टेबलाबद्दल विचारायचंय. वरचा पांढरा ऑइलपेंट कोपऱ्यात उडालाय, त्याखाली हिरवा दिसतो आणि हिरव्याखाली आणखी कुठला तरी पिवळट थर. हे सगळं घासून काढायचं म्हणते. सध्याच्या दिवसांत मी ते करावं का?

* * *

टेबलाचं जाणकार सांगतील, तोवर घासू नका एवढं मात्र मीही सांगते. मी पीसीओएसवाल्यांसाठी, म्हणजे हार्मोन्सच्या बिघाडाने ज्यांचं स्त्रीबीज वेळेवर सुटत नाही त्यांच्यासाठी, लिहायला आलेय.

ओव्ह्युलेशनच्या पट्ट्या लघवीतलं एलएच हार्मोन बघतात. ते उसळलं की साधारण २४ ते ३६ तासांत स्त्रीबीज सुटतं. चाचणीची रेघ कंट्रोलच्या रेघेइतकी किंवा तिच्याहून गडद असेल तरच पॉझिटिव्ह धरायचं. फिकट रेघ म्हणजे निगेटिव्हच. प्रेग्नन्सीच्या पट्टीवर फिकट रेघसुद्धा मोलाची असते, इथे नाही, आणि हा घोळ फार जणींचा होतो. पीसीओएसमध्ये मात्र बऱ्याचदा एलएच मुळातच चढं असतं. माझ्या पट्ट्या सलग कितीतरी दिवस गडद यायच्या. ॲप खुशीत हिरवं फूल दाखवायचं. स्त्रीबीज काही सुटत नव्हतं.

खरं चित्र कळलं ते फॉलिक्युलर स्टडीत. ही आतून करायची सोनोग्राफी, एक-दोन दिवसांआड. पडद्यावर करड्या रंगात एक काळा गोल दिसतो, तो फॉलिकल, म्हणजे स्त्रीबीज वाढतं ती पिशवी. डॉक्टर त्याच्या एका कडेला ठिपका ठेवतात, समोरच्या कडेला दुसरा, मधे तुटक रेघ येते आणि खाली मिलिमीटरमध्ये आकडा. आकडा १८ च्या पुढे गेला की फॉलिकल तयार होत आलं असं समजतात. माझं आधी ११-१२ वर येऊन थबकायचं. लेट्रोझोलच्या, म्हणजे स्त्रीबीज वाढवायच्या, गोळ्या सुरू झाल्यावर ते पुढे सरकलं. मग ट्रिगरचं, म्हणजे स्त्रीबीज सोडवायचं, इंजेक्शन. ते एचसीजीचं (प्रेग्नन्सीची पट्टी जे हार्मोन ओळखते त्याचं) असेल तर पुढे काही दिवस प्रेग्नन्सीच्या पट्टीवर दोन रेघा येऊ शकतात, त्या इंजेक्शनच्या असतात. मला नर्सताईंनी आधीच बजावलं होतं, ‘सांगू त्या तारखेआधी पट्टी लावायची नाही, आणि लावलीत तर आम्हाला फोन करायचा नाही.’ त्यांचं ते दटावणं मला सगळ्या समुपदेशनापेक्षा उपयोगी पडलं.

* * *

पुरुषाने लिहिलेलं चालेल ना?

मूल न राहण्यामागे जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचं कारण एकटं किंवा जोडीला असतं. तरी आमच्याकडे बायकोच्या रक्ताच्या सगळ्या तपासण्या होऊन गेल्या, तेव्हा कुठे कुणीतरी माझ्याकडे वळून बघितलं. वीर्यतपासणीइतकी बिनत्रासाची तपासणी या सगळ्या प्रकरणात दुसरी नाही. दोन ते सात दिवसांचं अंतर ठेवून नमुना द्यायचा, बस. रिपोर्ट बरोबर आला नाही तर एकावर विसंबत नाहीत, पुन्हा करतात. शुक्राणू तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात, म्हणून सिगारेट आज सोडली तर तिचा परिणाम रिपोर्टात दिसायला तेवढा वेळ द्यावा लागतो. माझ्या शुक्राणूंच्या हालचालीची टक्केवारी कमी होती. डॉक्टरांनी कामाचं विचारलं. मी सुट्टीच्या दिवशी बंद खोलीत थिनर आणि लॅकर वापरून फर्निचर करतो म्हटल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. काही सॉल्व्हंट आणि शिसं पुरुषांच्या बीजालाही बाधतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. आता काम गच्चीत करतो आणि पाण्याच्या रंगाने करतो.

आणखी एक. ॲपची घंटी आम्ही बंद केली. बायको फक्त ‘हा आठवडा’ म्हणते, दिवस सांगत नाही. दर एक-दोन दिवसांआड एवढं पुरतं असं डॉक्टरांनीच सांगितलंय. तारीख-वार ठरवून बोलावलं की माझ्याच्याने व्हायचं नाही. हे लिहायला जड जातं, पण अनेकांचं होतं म्हणून लिहिलं.

* * *

रात्रपाळीची नोकरी असेल तर थर्मामीटरच्या नादी लागू नका. तापमानाची पद्धत अशी की झोपेतून उठल्या उठल्या, पाय खाली टेकण्याआधी, रोज एकाच वेळी मोजायचं, तेही दशांशानंतर दोन आकडे दाखवणाऱ्या थर्मामीटरने. ओव्ह्युलेशननंतर प्रोजेस्टेरॉन या हार्मोनमुळे ते ०.२ ते ०.५ अंश सेल्सियसने चढतं आणि चढलेलं राहतं. सलग तीन दिवस वर दिसलं तर ओव्ह्युलेशन होऊन गेलं. ‘होऊन गेलं’ हेच तिचं दुखणं, कारण ही पद्धत आधी काही सांगत नाही. माझ्या पाळ्या बदलत्या, झोप तुकड्यातुकड्यांची. माझा आलेख डॉक्टरांनाही वाचता आला नाही.

मला उपयोग झाला तो स्रावाचा, आणि त्याला काही विकत आणावं लागत नाही. ते दिवस जवळ आले की अंगावरचं पांढरं बदलतं. आधी चिकट-दाटसर असतं, मग पातळ, पारदर्शक, कच्च्या अंड्याच्या पांढऱ्यासारखं, दोन बोटांत धरून ताणलं तर न तुटता लांबतं. ओव्ह्युलेशन झालं की एक-दोन दिवसांत पुन्हा दाट. वयात आल्यापासून हे दर महिन्याला बघत होते आणि त्याचा अर्थ कुणी सांगितला नव्हता. याचा राग मला अजून येतो.

* * *

टेबलवाल्या ताई, तुमचा प्रश्न मागे पडू देऊ नका. माझी मुलं मोठी झाली, तारखांच्या हिशेबातून मी कधीच सुटले, पण लाकूड मी रोज रंगवते, म्हणून सविस्तर लिहिते.

जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. अमेरिकेत घरगुती रंगांतल्या शिशावर १९७८ मध्ये बंदी आली. इतर ठिकाणी कुठे आधी, कुठे बऱ्याच नंतर. तुमच्या टेबलावर थरावर थर आहेत आणि खालच्यांचं वय कुणालाच ठाऊक नाही. शिसं हाडांत साठतं, गरोदरपणात तिथून सुटून रक्तात येतं आणि वार (प्लासेंटा) ओलांडून बाळापर्यंत जातं. म्हणजे आज पोटात गेलेली धूळ पुढच्या वर्षीही नडू शकते. रंगाचा टवका प्रयोगशाळेत तपासून घ्या. शिसं निघालं तर ते टेबल तुम्ही घासायचं नाही, नवऱ्यानेही नाही; थिनरवाल्या दादांनी वर लिहिलंय ते वाचलंत ना? हे काम जाणणाऱ्याला द्या. कोरडं घासणं, मशीन लावणं, गरम हवेच्या बंदुकीने रंग उकलणं, तिन्ही वर्ज्य.

शिसं नसेल तर मात्र खुशाल करा. आधी बिजागऱ्या, मुठी काढून ठेवा. साबणाच्या पाण्याने पुसा, कारण हाताळून हाताळून मुठींभोवती तेलकट थर बसतो आणि त्यावर कुठलाच रंग धरत नाही. जुना रंग कशाचा आहे ते बघायला कापसाच्या बोळ्यावर स्पिरिट घेऊन एका कोपऱ्यात चोळा. बोळ्याला रंग लागला आणि तिथला भाग चिकट झाला तर पाण्याचा रंग, काहीच झालं नाही तर ऑइलपेंट. ऑइलपेंटवर पाण्याचा रंग थेट मारलात तर महिन्याभरात नखाने सोलून निघेल. म्हणून १२० नंबरच्या वॉटर पेपरने ओलं घासून चकाकी मारा, लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरा, ती वाळली की २२० ने गुळगुळीत करा, मग घट्ट धरणारा प्रायमर. घासायचं ते लाकडाच्या रेषेने, आडवं नाही. आडवे ओरखडे रंगाखालूनही दिसतात. लाकडात गाठी असतील तर त्या पांढऱ्या रंगातून पिवळ्या डागांनी वर येतात. त्यावर लाखेचा, म्हणजे शेलॅकचा, प्रायमर लावला की डाग अडतो. त्यात स्पिरिट असतं, तेव्हा तो हात दुसऱ्याला मारू द्या आणि खिडक्या उघड्या ठेवा. साधा धुळीचा मास्क धूळ अडवतो, वाफा नाही.

रंगाचे हात पातळ द्या. एका जाड हातापेक्षा तीन पातळ हात केव्हाही चांगले. जाड हाताला ओघळ येतात आणि ते वाळल्यावर घासत बसावं लागतं. आणि सगळ्यात जास्त लोक घाई करतात ती शेवटी. पाण्याचा रंग तासाभरात बोटाला लागेनासा होतो, पण पूर्ण टणक व्हायला तीन-चार आठवडे घेतो. तोवर त्यावर जड वस्तू ठेवली की तिचा वण उमटतो.

* * *

मी सगळं मोजणं बंद केलंय. ॲपवर सहा वेगवेगळी चिन्हं, तीन रंग, आणि नवऱ्याला न विचारता कुठल्याशा कंपनीकडे जाणारी आमच्या पलंगाची नोंद. काढून टाकलं. हे इतरांनी करावं असं अजिबात म्हणत नाही. कपाट अर्धं रंगवलेलं आहे आणि ते तसंच राहिलं तरी मला चालणार आहे.

* * *

पस्तिशी ओलांडलेल्यांनी एक लक्षात ठेवा. पस्तिशीच्या आत असाल तर वर्षभर प्रयत्न करून मग डॉक्टर, असं सांगतात; पस्तिशीनंतर सहाच महिने थांबायचं. पाळी अनियमित असेल तर तेवढंही नाही. माझं ओव्ह्युलेशन दर महिन्याला चोख होतं, पट्टी, तापमान, एकविसाव्या दिवसाचं प्रोजेस्टेरॉन, सगळं पुरावा देत होतं. (ते एकविसाव्या दिवसाचं प्रकरणही २८ दिवसांच्या पाळीपुरतंच, खरं म्हणजे पाळीच्या आठवडाभर आधी करायचं असतं.) अडचण बीजनलिकांत होती आणि ती कुठल्याच पट्टीवर दिसत नाही. बीज सुटतं एवढंच या साधनांना कळतं. पुढचा रस्ता उघडा आहे की नाही, त्यासाठी नलिकांची वेगळी तपासणी करावी लागते.

मध्यंतरी दिवस राहिले होते, टिकले नाहीत. त्यानंतर घरात सगळे हळू आवाजात बोलायला लागले. मला त्याहून घासण्याचा आवाज बरा वाटला. जेवणाच्या टेबलाच्या चार खुर्च्या मी तेव्हा खरवडून पार उघड्या लाकडावर आणल्या आणि नुसतं तेल दिलं, रंग नाही. तेल दिलेल्यांनी एक सांभाळा : जवसाच्या तेलाने भिजलेली चिंधी चुरगाळून टाकलीत तर ती आपली आपण तापून पेट घेऊ शकते. मोकळी पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवून झाकणाच्या डब्यात ठेवा.

आणि फोलिक ॲसिड. प्रयत्न सुरू करायच्या आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम, मधुमेह असेल किंवा आधीच्या बाळाला मज्जारज्जूचा दोष असेल तर डॉक्टर जास्त देतात. दिवस राहिल्यावर सुरू केलं तर बाळाच्या मज्जारज्जूच्या सुरुवातीच्या जडणघडणीला उशीर झालेला असतो.

* * *

धागा सुरू करणारी मी पुन्हा. रंगाचा टवका तपासायला दिला आहे, रिपोर्ट येईपर्यंत टेबल जुन्या चादरीत गुंडाळून बाहेर. दरम्यान दुसरं एक, नवं कोरं, बिनरंगाचं छोटं कपाट घेतलं आणि त्याला पाण्याच्या रंगाचे दोन हात झाले. आता खण आत सरकत नाहीत. रंग वाळलाय, तरी बाजूंना घासतात. काय करू?

* * *

खणाच्या बाजूंना आणि सरकतो त्या पट्टीला रंग द्यायचाच नसतो, तिथे दोन हातांची जाडीही नडते. तेवढाच भाग २२० ने घासून लाकूड उघडं करा आणि त्यावर साधी मेणबत्ती चोळा. पण आज नको. रंग अजून कच्चा आहे, घासलात तर पेपरला गोळे चिकटतील आणि कडेचा रंग सालपटासारखा निघेल. खण बाहेर काढून उभे ठेवा, एकमेकांना टेकू देऊ नका, आणि तीन आठवड्यांनी घासा.