त्यागाचं दान म्हणजे नेमकं किती? आठवडी पगाराच्या घरांचा हिशोब

अभ्यासवर्ग_सोलापूर

सर्वांना सलाम. ज्वारीची काढणी झाली की आमच्या ख्रिस्ती मंडळीत कापणीचा सण असतो. त्याआधी प्रौढांच्या वर्गात ‘त्यागाचं दान’ हा विषय घ्यायचाय. वर्गातली बहुतेक घरं यंत्रमाग, शिलाई आणि विडीकामावर चालणारी. पैसा आठवड्याला हातात येतो आणि बचत गटाचा हप्ताही आठवड्यालाच जातो. काही ठिकाणी प्रवचनात ऐकू येतं की उसनं काढून द्या, देव शंभरपट परत करील. दुसरीकडे खिशात उरलेली दहाची नोट दानाच्या थैलीत टाकली की लोक मोकळे. त्याग कशावरून मोजायचा, दशांश (कमाईचा दहावा भाग) आठवडी मजुरीवर कसा धरायचा, आणि गरीब विधवेने मंदिरात टाकलेल्या दोन टोल्यांचा, म्हणजे अगदी लहान नाण्यांचा, दाखला गरिबांपुढे ठेवावा का? मोघम नको, वर्गात लोक आकडे विचारतात.

वचन_वही

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण घोळ तिथेच जास्त होतो. मार्क १२:४१-४४ काढा. मंदिरात दानासाठी कर्ण्याच्या आकाराच्या १३ पेट्या होत्या असं मिश्नात, म्हणजे यहुदी परंपरेच्या जुन्या नियमसंग्रहात, आहे, त्यातल्या सहा ऐच्छिक दानाच्या. त्या बाईच्या दोन टोल्या मिळून रोमी चलनातला एक क्वाद्रान्स होतो, आणि असे ६४ मिळून एक दीनार. दीनार म्हणजे मजुराचा एका दिवसाचा रोज (मत्तय २०). आज रोज ५०० रुपये धरला तर तिचं दान आठ रुपयांच्याही आत. श्रीमंतांनी भरल्या घरातून टाकलं, तिने पोटाचं टाकलं. म्हणजे माप थैलीत काय पडलं त्याचं नाही, देऊन झाल्यावर मागे काय उरलं त्याचं.

पण वर्गात ४४व्या वचनावर थांबू नका. वरचं ४०वं वचन विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांबद्दल आहे, आणि पुढच्याच अध्यायात त्या मंदिराचा चिऱ्यावर चिरा राहणार नाही असं येशू सांगतो. त्याने तिचं कौतुक केलं, की तिला नागवणाऱ्या व्यवस्थेवर बोट ठेवलं, यावर अभ्यासकांत वाद आहे. मला दोन्ही एकत्र खरं वाटतं. एवढं मात्र पक्कं की त्याने तिच्याकडे काही मागितलं नव्हतं. तिचं नाव घेऊन कुणी दुसऱ्या विधवेकडे मागत असेल, तर त्याची जागा ४०व्या वचनात आहे.

आता त्यागाचं मूळ. पापासाठीचं अर्पण ख्रिस्ताने एकदाच आणि कायमचं केलं (इब्री १०:१०-१४). त्यात भर घालायला आपल्याकडे काही मागत नाहीत. उरते ती उपकारस्तुती, आणि चांगलं करणं व आपल्यातलं दुसऱ्याला देणं याला इब्री १३:१६ मध्ये यज्ञच म्हटलंय. म्हणून ख्रिस्ती दान नवस नव्हे, लाच तर नव्हेच. शंभरपटीचं प्रवचन इथेच घसरतं. परत किती येणार हे ठरवून दिलं तर त्यात त्याग कुठला? ती गुंतवणूक झाली, तीही उसन्या पैशाची.

दाविदाचं उदाहरण वर्गात चांगलं चालतं (२ शमुवेल २४:२४). अरवना यबूसी खळं, बैल, लाकडं सगळं फुकट द्यायला तयार होता. दाविदाने ५० शेकेल चांदी मोजली, म्हणजे सुमारे ५७० ग्रॅम. फुकटचं मी देवाला अर्पण करणार नाही, असं त्याचं म्हणणं. यातून दोन गोष्टी निघतात: दानाची किंमत देणाऱ्याला पडली पाहिजे, आणि ती दुसऱ्याच्या खळ्यावरून उचललेली नसावी.

थैली_आणि_वही

शास्त्र वर आलंच आहे, मी आकडे मांडतो. आठवड्याला सहा दिवस, रोज ५०० प्रमाणे ३,००० रुपये धरू. भाडं व वीज ८००, किराणा व गॅस १,०००, हप्ता ५००, शाळा व औषध ४००. खर्च २,७००, हातात ३००. पूर्ण दशांश म्हणजे नेमके तेच ३००. पहिल्या आजारपणाला हे घर सावकाराच्या दारात उभं राहणार, आणि पुढच्या रविवारी मंडळीत यायला लाजणार. हे दुसरं नुकसान मोठं.

म्हणून दोन भाग करा. ९० रुपये, म्हणजे ३ टक्के, पगार हातात आला की आधी बाजूला काढायचे. हा नेम. त्यावर ६० रुपये असे, की जे स्वतःची एखादी सवय कमी करून उभे राहतील: मावा, हॉटेलातला चहा, किंवा पंधरवड्यातून एका रविवारी मटणाऐवजी शेंगांची चटणी आणि भाकरी. हा त्याग. एकूण १५०, म्हणजे ५ टक्के. उरलेले १५० अडीनडीसाठी घरात. हप्ता फिटला की सुटलेल्या ५०० मधले १०० लगेच दानात वाढवायचे. ते कर्ज चालू असतानाच लिहून ठेवा, नाहीतर तेवढ्यात मोबाईलचा हप्ता सुरू होतो.

१ करिंथ १६:२ मध्ये पद्धत दिलेलीच आहे: आठवड्याच्या पहिल्या दिवशी, प्रत्येकाने, मिळकतीच्या मानाने. माग तीन दिवस बंद राहिले तर पगार १,५००, मग ५ टक्क्यांचे ७५ द्या. मागची भरपाई पुढच्या आठवड्यावर ढकलू नका. दानात थकबाकी नसते.

एक गोष्ट उघड बोलायला हवी. त्याग ज्याने जाहीर केला, कात्री त्याच्याच वाट्याला लागली पाहिजे. बऱ्याच घरांत देण्याचा आकडा पुरुष सांगतो आणि काटकसर होते ती बाईच्या ताटात आणि मुलांच्या दुधात. विड्या तिने वळलेल्या असतील तर आकडाही तिला विचारूनच ठरायला हवा.

पहिलं_फळ

३ टक्के ऐकून वाईट वाटलं, भाऊ. मलाखी ३:१० मध्ये सगळा दशांश भांडारात आणा असं स्पष्ट आहे. येशूनेही पुदिना, शेप, जिऱ्याचा दशांश सोडू नका असंच सांगितलं (मत्तय २३:२३). खर्च वजा करून उरलेल्यातून द्यायला बसलं तर कधीच काही उरत नाही. आधी दहावा भाग काढा, घर उरलेल्या नऊ भागांत बसवा. त्याग दशांशाच्या पुढे सुरू होतो.

वचन_वही

‘आधी काढा’ याला शंभर टक्के मान्यता, आणि वर ९० रुपये आधीच काढलेत. पण नियमशास्त्रातला दशांश जमिनीच्या पिकाचा आणि गुराढोरांचा आहे (लेवीय २७:३०-३३). ज्याच्याकडे शेत नाही अशा मजुराच्या रोजावर तो कुठे बसवलेला दिसत नाही. दर तिसऱ्या वर्षी तो गावातच ठेवून लेवी (मंदिराची सेवा करणारा, स्वतःची जमीन नसलेला वंश), परका, अनाथ आणि विधवा यांना जेवू घालायचं होतं (अनुवाद १४:२८-२९). म्हणजे आपल्या वर्गातली काही माणसं त्या दशांशाची देणेकरी नव्हे, घेणेकरी ठरतात.

शिवाय तेच शास्त्र माणूस बघून पायरी खाली उतरतं. पापाच्या अर्पणाला मेंढरू परवडत नसेल तर दोन होले किंवा पारव्याची पिल्लं, तेही नसेल तर एफाचा दहावा भाग सपीठ, म्हणजे दोन लिटरच्या मापाच्या आसपास (लेवीय ५:७, ११). मरीया आणि योसेफ पक्ष्यांवरच आले होते (लूक २:२४). ज्याला महिन्याला ८०,००० पगार आहे त्याने मात्र ३ टक्क्यांचा आधार घेऊ नये. त्याच्यासाठी दहा टक्के ही सुरुवात, त्याग बराच पुढे.

मूठ_धान्य

रोख पैसा हातात नसलेल्या बायकांसाठी जुनी आणि चालणारी पद्धत म्हणजे मूठ. स्वयंपाकाला तांदूळ-ज्वारी घेतली की शिजवण्याआधी एक मूठ डब्यात. मूठ साधारण ४० ग्रॅमची धरली तर दोन वेळचे महिन्याला २ किलो ४०० ग्रॅम होतात. मिझोरमच्या मंडळ्यांत १९१० पासून ही प्रथा आहे आणि सुवार्तेच्या कामाचा मोठा आधार ती आहे. आपल्याकडे ती दोन कारणांनी बारगळते. एक, महिनाभर साठवतात आणि पावसाळ्यात किडे लागतात. डबा दर रविवारी रिकामा करायचा. दोन, काहीजणी रेशनचा खडेवाला तांदूळ वेगळा ठेवून त्याचीच मूठ टाकतात. त्यांना मलाखी १:८ मधलं, देवाला अर्पण म्हणून आणलेलं आंधळं-लंगडं जनावर वाचून दाखवा. आपण खातो त्याच धान्यातली मूठ हवी.

अभ्यासवर्ग_सोलापूर

खूप उपयोग झाला, भाऊ-ताई. अजून दोनच विचारतो. म्हाताऱ्या आईचं औषध आणि मंडळीला दिलेलं वचन एकाच आठवड्यात आलं तर? आणि सणाला वस्तूंचा लिलाव असतो, त्यात त्याग बसतो का?

थैली_आणि_वही

औषध आधी. मार्क ७:९-१३ मध्ये आईवडिलांच्या वाट्याचं ‘कुर्बान’, म्हणजे देवाला वाहिलेलं, म्हणून बाजूला काढणाऱ्यांना येशूने झापलंय. तसंच कामगाराची मजुरी थकवून वेदीवर पाकीट ठेवणारा मालक. याकोब ५:४ त्याच्यासाठी आहे. दुसऱ्याचं देणं अडवून केलेलं दान त्यागात धरू नका. मासेदोनियातल्या गरीब मंडळ्यांनी ऐपतीबाहेर दिलं हे खरं, पण आपल्या खुशीने (२ करिंथ ८:३), आणि त्यांचं उदाहरण देताना पौल लगेच म्हणतो की मी हुकूम करत नाही.

म्हणून वचनाचे फॉर्म उपासनेत उभं करून भरून घेऊ नका. जमीन विकून थोडा पैसा मागे ठेवणाऱ्या हनन्याला पेत्र हेच म्हणतो की जमीन तुझी होती, पैसाही तुझ्या हातात होता (प्रेषितांची कृत्ये ५:४). कमी दिल्याचा दोष नव्हता, सगळं दिल्याचा आव आणला तो होता. चारचौघांत आकडा बोलायला लावलं की असे आव आपणच तयार करतो. नंबर घातलेली पाकिटं द्या. नंबर कुणाचा ते खजिनदारालाच माहीत. पैसे नात्यात नसलेल्या दोघांनी चर्चमध्येच मोजायचे, नोटांची चिठ्ठी करून दोघांनी सही करायची आणि सोमवारी बँकेत भरायचे. पावती प्रत्येकाला.

लिलावात बोली बाजारभावापासून सुरू करा. कोंबडी, भोपळा, ज्वारीची पाटी जे असेल ते, पैसे त्याच दिवशी रोख. उधारीवर बोली चढली की नाव मोठं होतं आणि वसुली पुढच्या सणापर्यंत रखडते. ज्या म्हातारीने अंडी आणली तिचं नाव पुकारायचं की नाही ते तिलाच विचारा. पाच हजाराची बोली लावणाऱ्याचं नाव पुकारू नका, ते तसंही सगळ्यांना कळतं.