मदत हवी आहे : जिप्सीसाठी क्लच प्लेट कोणती घ्यावी?

नमस्कार. माझी 1.3 लिटर पेट्रोल इंजिनची मारुती जिप्सी (फोर-व्हील-ड्राइव्ह जीप) साताऱ्यात असते आणि पावसाळ्यात यवतेश्वरचा घाट, कास, बामणोली या भागातील चिखलाच्या कच्च्या वाटांवर ती नियमित फिरते. आता चढावर इंजिनचा आवाज वाढतो, पण गाडी त्या प्रमाणात पुढे सरकत नाही, म्हणजे क्लच घसरू लागला आहे. वापर पाहता ही झीज स्वाभाविकच आहे.

मुख्य प्रश्न प्लेटच्या घर्षण-अस्तराचा आहे. नेहमीचे ऑरगॅनिक अस्तर हळुवार पकडते, त्यामुळे दगडांवरून गाडी इंचाइंचाने पुढे नेता येते. परंतु हाफ क्लचवर फार वेळ राहिल्यास ते तापून लवकर झिजते. सिरॅमिक प्लेट उष्णता चांगली सोसते, मात्र ती झटक्याने पकडते आणि फ्लायव्हीलही (इंजिनचे जड चाक, ज्यावर क्लच प्लेट दाबली जाते) अधिक झिजवते. मूळ मापापेक्षा मोठे टायर बसवल्यामुळे गाडी उचलताना क्लचवर जादा ताण येतो, हे लक्षात घेऊनही माझा कल ऑरगॅनिक प्लेट आणि थोडी कडक प्रेशर प्लेट (क्लच प्लेट फ्लायव्हीलवर दाबून धरणारा भाग) यांच्याकडे आहे, कारण अवघड चढ मी फोर-लोमध्येच (चारही चाकांना ताकद देणाऱ्या कमी वेगाच्या गिअरमध्येच) चढवतो. परंतु कडक प्रेशर प्लेटमुळे पेडल जड होईल आणि क्लच केबलवरचा ताण वाढेल, याची मला खरोखर काळजी वाटते.

अशी जोडी कोणी वापरली आहे का? रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारे बेअरिंग) तर बदलणारच आहे. फ्लायव्हील लेथवर घासून घेणे आवश्यक आहे का, आणि हे काम नीट करणारा कारागीर सातारा, कराड किंवा सांगलीत कोणत्या भागात मिळेल, हे जाणकारांनी कृपया सांगावे.