डीफॉल्ट रूटची 'जाहिरात' की 'उद्घोषणा'?

टिपणवही: डिप्लोमाच्या मुलांसाठी नेटवर्किंगची टिपणं मराठीत करतेय. ओएसपीएफमध्ये (एका संस्थेच्या नेटवर्कमधल्या राउटरांनी एकमेकांना वाटा कळवायची पद्धत) कडेचा राउटर आतल्या राउटरांना सांगतो, ज्या पत्त्याची वाट ठाऊक नसेल ते पॅकेट माझ्याकडे धाडा. पण स्वतःच्या वाटांच्या तक्त्यात ०.०.०.०/० (म्हणजेच डीफॉल्ट रूट) असेल तरच. इंग्रजीत याला 'अ‍ॅडव्हर्टाइझ' करणं म्हणतात, म्हणून मी लिहिलं, 'डीफॉल्ट मार्गाची सशर्त जाहिरात'. तपासणाऱ्या सरांनी 'मूलनिर्धारित मार्गाची उद्घोषणा' केलं. तुम्ही काय लिहाल?

वाटाड्या: 'मूलनिर्धारित' सेटिंगला ठीक. हा मार्ग मात्र दुसरं काहीच जुळलं नाही की लागू होतो. /० म्हणजे एकही बिट जुळायची गरज नाही, आणि सर्वांत लांब जुळणीला पहिला मान, म्हणून याचा नंबर शेवटी. मी 'अन्यथा-मार्ग' म्हणेन.

मायबोलीकर: अन्यथा-मार्ग सुंदर! जाहिरात मात्र नको, ऐकलं की साबण आठवतो. सावरकरांचे दिनांक, महापौर रुळले, तशी उद्घोषणाही रुळेल.

पंचगंगा: जाहीर म्हणजे उघड, प्रकट. राउटर तेच करतो. जाहीर सभा, जाहीरनामा चालतात ना? आमच्या गावात कोतवाल दवंडी द्यायचा. तो शब्द घ्या, मुलांना लगेच कळेल.

वाटाड्या: नावापेक्षा अट कोणती ते आधी लिहा, ताई. सिस्को कंपनीच्या राउटरवर ओएसपीएफच्या कमांडला 'ऑलवेज' जोडलं की तक्त्यात डीफॉल्ट नसतानाही राउटर सांगत राहतो. बाहेरची लिंक तुटली तरी आतला ट्रॅफिक त्याच्याकडेच येतो आणि तिथेच ड्रॉप होतो. बीजीपीत (वेगवेगळ्या संस्थांच्या नेटवर्कमध्ये वाटा कळवायची पद्धत) उलटं. शेजारच्या राउटरसाठी 'डीफॉल्ट-ओरिजिनेट' दिलं की तक्ता न बघताच पाठवतो, अट हवी तर रूट-मॅप (अटींची यादी) लावायचा. दोन्हीकडे नुसतं 'सशर्त' लिहिलंत तर मुलं लॅबमध्ये अडकतील.

टिपणवही: हे टिपणात घालते. पण शीर्षकात काय?

मायबोलीकर: 'सशर्त'ही काढा. शर्त अरबी, वर संस्कृत 'स'. 'अटीसापेक्ष' लिहा.

पंचगंगा: मग 'अट' कुठली संस्कृत? आणि असा जोड वाईट कसा? 'बिनचूक' तुम्हीही वापरता की. त्यातला 'बिन' फारसी ना?

मायबोलीकर: 'बिन' संस्कृत 'विना'पासून आलाय.

सीमाभाग: दवंडीला आमच्याकडे डांगोरा म्हणतात. कानडीत डंगुर, हिंदीत ढिंढोरा. मराठीत कुठून आला असेल?

पंचगंगा: कानडीतूनच. नाहीतर नुसता ढोलाचा आवाज असणार.

मायबोलीकर: आवाजावरून आला तर मग कानडीतून कशाला यायला हवा?