मदत हवी आहे: ५५ इंची टीव्ही आत्ता घ्यावा की नव्या तंत्रज्ञानासाठी थांबावं?

नमस्कार मंडळी,

घरचा जुना एलसीडी आता शेवटच्या घटका मोजतोय. पडद्यावर उभ्या रेषा आल्यात आणि दुरुस्तीवाल्याने स्पष्टच सांगितलं, पॅनेल बदलण्यात पैसे घालू नका. नवा घ्यायचाच आहे, फक्त कधी आणि कोणता ते ठरत नाहीये.

आमचा हॉल पश्चिमेकडचा, दुपारी तीननंतर थेट पडद्यावर ऊन येतं. आणि बाबा सकाळपासून बातम्या लावून बसतात. वाहिनीचा लोगो त्याच कोपऱ्यात, खाली ब्रेकिंग न्यूजची लाल पट्टी, तासन्‌तास जागची हलत नाही. त्यामुळे ओएलईडी (ज्यात पडद्याचा प्रत्येक ठिपका, म्हणजे पिक्सेल, स्वतः उजळतो) घ्यायला मन धजत नाही. त्यातला गडद काळा मला मनापासून आवडतो, पण त्यातलं सेंद्रिय द्रव्य वापराने झिजतं, आणि एकच चित्र सतत असेल तर तिथे जास्त झिजून डाग उरतो.

म्हणून मायक्रो एलईडीवर डोळा होता. तिथेही प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो, पण दिवे असेंद्रिय, त्यामुळे डागाची भीती जवळपास नाही आणि उजेड भरपूर. किंमत मात्र! सॅमसंगने २०२३ मध्ये ११० इंची मॉडेल भारतात आणलं ते १ कोटी १४ लाख ९९ हजारांना. कारण शोधलं तेव्हा हिशेब लक्षात आला. ४के पडद्यावर सुमारे ८३ लाख पिक्सेल, प्रत्येकात लाल, हिरवा, निळा, म्हणजे जवळजवळ अडीच कोटी सूक्ष्म दिवे जागेवर बसवायचे. त्यातले ९९.९९ टक्के नीट बसले तरी अडीच हजारांच्या आसपास मेलेले ठिपके उरतात, ते शोधून दुरुस्त करायचे. आणि पडदा ५५ इंचांचा केला तरी दिव्यांची संख्या तीच राहते, उलट ते आणखी बारीक करावे लागतात. त्यामुळे आकार अर्धा म्हणून किंमत अर्धी, हे गणित इथे चालणार नाही असं मला वाटतं.

आता तिसरा पर्याय, आरजीबी बॅकलाइट. पुढे नेहमीचंच एलसीडी पॅनेल, पण मागे निळ्या किंवा पांढऱ्या दिव्यांऐवजी लाल, हिरवे, निळे वेगवेगळे दिवे. रंग जास्त शुद्ध, डागाची चिंता नाही. सॅमसंग याला 'मायक्रो आरजीबी' म्हणतं, म्हणून दुकानात लोक त्याला मायक्रो एलईडीच समजतात. ते तसं नाही. बॅकलाइटचे विभाग (एकत्र उजळणारे-मंदावणारे दिव्यांचे गट) पिक्सेलपेक्षा फारच कमी असतात, त्यामुळे काळ्या पार्श्वभूमीवरच्या पांढऱ्या अक्षरांभोवती थोडं तेजोवलय येऊ शकतं. २०२५ मध्ये सॅमसंगचं ११५ इंची अमेरिकेत जवळपास ३०,००० डॉलरला आलं. पण २०२६ साठी त्यांनी ५५ इंचांपर्यंतचे आकार जाहीर केलेत, आणि माझी आशा तिथेच आहे.

आशेला आधारही आहे. एलजीचा ५५ इंची वक्र ओएलईडी २०१३ मध्ये अमेरिकेत १५,००० डॉलरला होता, आणि पुढच्याच वर्षी त्याच आकाराचं नवं मॉडेल ३,५०० ला आलं. आरजीबीला तर एलसीडीचे कारखाने तयारच आहेत.

माझं बजेट लाखाच्या आत. सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय, त्यामुळे साधा मिनी एलईडी (एलसीडीच, पण मागे पुष्कळ बारीक दिवे) आत्ता चांगल्यापैकी बसतो.

जाणकारांना विचारायचंय:

आरजीबीचा ५५ इंची सेट भारतात लाखाखाली यायला किती काळ लागेल असा तुमचा अंदाज? दिवाळीपर्यंत थांबण्यात अर्थ आहे का?

कोणी आरजीबी पडदा प्रत्यक्ष पाहिलाय का? बाजूला बसून रंग कसे दिसतात? बाबांची खुर्ची अगदी कडेला असते.

आणि ज्यांच्या घरी ओएलईडीवर दिवसभर बातम्या चालतात, त्यांनी कृपया पडद्यावर एकसारखा राखाडी रंग लावून खालच्या पट्टीच्या जागी काही उमटलंय का ते बघून सांगाल का? किती वर्षं वापरताय तेही लिहा.