कोच तापट असला की टीम कणखर होते म्हणे!

बाकावरचा
परवा कॉलेज बास्केटबॉलच्या धाग्यावर 'फटकळ' यांनी एक पिंक टाकली: "कोच शिव्या घालणाराच हवा. इंडियाना विद्यापीठाच्या बॉबी नाइटने भर सामन्यात खुर्ची फेकली आणि तीन विजेतेपदं घेतली. आताच्या पोरांशी जरा आवाज चढवून बोललं की लगेच ट्रान्स्फर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलायच्या यादीत नाव. मऊ पिढी." खाली +१ ची ही रांग. तिथेच उत्तर देणार होतो, पण लांबलं, म्हणून वेगळा धागा.

अमेरिकेत मास्टर्स करताना मी दोन सीझन मेन्स टीमचा स्टुडंट मॅनेजर होतो. नाव मोठं, काम हमालाचं. सरावाला बॉल उचलून द्यायचे, फरशीवरचा घाम पुसायचा, सामन्याला बाकाच्या टोकाला बसून चार्ट भरायचा. कॉलेजचं नाव सांगत नाही. कोच मात्र फटकळ यांच्या स्वप्नातला होता. त्याचं बूट आपटणं वरच्या रांगेपर्यंत ऐकू जायचं.

शॉट चुकला की खेळाडूने पाठ फिरवून डिफेन्सला धावायचं असतं. आमची पोरं आधी बाकाकडे बघायची. मान वळायची, डोळे कोचचा चेहरा शोधायचे, मग पाय हलायचे. तेवढ्यात समोरचा गार्ड हाफ कोर्ट ओलांडून गेलेला. मला रिकामटेकडा चाळा लागला. मान वळली की चार्टच्या समासात एक 'मा' लिहायचा. एका सामन्यात आमच्या पॉइंट गार्डचे अकरा 'मा' झाले. असिस्टंट कोचने तो कागद पाहिला, घडी घालून खिशात टाकला. पुढच्या सामन्याला मला नवा चार्ट मिळाला, बिनसमासाचा.

आता ती खुर्ची. २३ फेब्रुवारी १९८५, समोर पर्ड्यू विद्यापीठ. नाइट तीन टेक्निकल (गैरवर्तनाचे फाउल) घेऊन हाकलला गेला आणि इंडियाना ७२-६३ हरली. हे शेवटचं वाक्य खुर्चीच्या गोष्टीत कुणी सांगतच नाही. त्या वर्षी एनसीएएच्या, म्हणजे राष्ट्रीय विजेतेपदाच्या, स्पर्धेत त्यांना जागाही मिळाली नाही, एनआयटी या दुय्यम स्पर्धेवर समाधान मानावं लागलं. विजेतेपदं १९७६, १९८१ आणि १९८७ ची. खुर्ची उडाली त्या वर्षी हातात काय पडलं, ते फटकळ यांनी सांगावं.

फटकळ
माझ्या नावाने स्वतंत्र धागा! धन्य झालो.

पाच लाख किलोमीटर चाललेली गाडी एकदा पंक्चर झाली, त्या दिवसाचा फोटो दाखवून तुम्ही गाडी भंगार ठरवताय. १९७५-७६ ला इंडियाना ३२-० होती. त्यानंतर आजतागायत पुरुषांमध्ये एकही टीम अपराजित राहून विजेती झालेली नाही. एकूण ९०२ विजय. त्याची पोरं डिग्री घेऊन बाहेर पडायची. आणि ड्यूक विद्यापीठाचा कोच के, १२०२ विजय, पाच विजेतेपदं, तो आर्मीत याच नाइटच्या हाताखाली खेळलेला. तो कुणाकडे शिकला, मेडिटेशनवाल्याकडे?

तुमचे 'मा' मोजून झाले असतील तर हेही मोजा.

रिबाउंड_राणी
फटकळ साहेब, गाडीच काढलीत तर पुढचा प्रवासही सांगा ना. १९९७ च्या सरावात खेळाडूच्या गळ्यावर हात गेल्याची चित्रफीत २००० मध्ये बाहेर आली, मग 'यापुढे एकही चूक चालणार नाही'ची ताकीद, आणि सप्टेंबरात एका विद्यार्थ्याने नुसतं आडनावाने हाक मारली म्हणून त्याचा दंड धरला. गेली नोकरी. एका पोराच्या "काय नाइट" वर २९ सीझन संपले. पंक्चर नाही हो, स्टिअरिंगच निघालं हातात.

जॉन वुडन घ्या. यूसीएलए विद्यापीठाचा कोच, बारा वर्षांत दहा विजेतेपदं, सलग ८८ विजय. १९७४-७५ मध्ये दोन संशोधक त्याच्या सरावाला जाऊन बसले आणि तो तोंडाने काय काय करतो ते मोजलं. पंधरा सरावांत २,३२६ नोंदी. स्तुती ६.९ टक्के, नाराजी ६.६ टक्के. बाकी बहुतेक सगळं 'हे असं कर, पाय इथे ठेव, पास आधी दे'. सीझनच्या पहिल्या दिवशी तर पोरांना मोजे कसे घालायचे ते शिकवायचा.

उंटावरून
मोजे?? अठरा वर्षांच्या साडेसहा फुटी घोड्यांना मोजे?

रिबाउंड_राणी
हो. करंगळीपाशी आणि टाचेशी सुरकुती राहिली की फोड येतो, फोड आला की सराव बुडतो. बूटही पोरं सैल घ्यायची, तो बरोबर मापाचे घ्यायला लावायचा.

निवृत्त पंच
वुडन शांत होता ही दंतकथा आता पुरे. बाकावर बसून कार्यक्रमपत्रिकेची गुंडाळी करायचा आणि तिच्याआडून पंचांना आणि समोरच्या पोरांना टोमणे मारायचा. शिवी नाही, पण जिव्हारी लागेल असं. मी स्वतः शनिवार-रविवार हायस्कूलच्या आणि लहान कॉलेजांच्या मॅचेस केल्यात, बारा वर्षं. बोंबलणाऱ्या कोचला टेक्निकल देता येतो. गोड आवाजात "सर, चष्मा घरी राहिला का" म्हणणाऱ्याला काय देणार?

पण टेक्निकलचा हिशेब धाग्यात कुणीच मांडलेला नाही. नोव्हेंबर २०२४, माउई, यूकॉन (कनेक्टिकट विद्यापीठ) विरुद्ध मेम्फिस. ओव्हरटाइम, ९२-९२, चाळीस सेकंद उरलेले. यूकॉनच्या पोरावर फाउल दिला, त्यांचा कोच डॅन हर्ली चक्क जमिनीवर आडवा झाला, टेक्निकल. मेम्फिसला फाउलचे दोन आणि टेक्निकलचे दोन, चारही आत. निकाल ९९-९७. दोन पॉइंटचा फरक आणि टेक्निकलचे पॉइंट दोन. आता तुम्हीच गणित करा.

फटकळ
आणि २०२३, २०२४ चं विजेतेपद कोणी घेतलं? त्याच आडव्या होणाऱ्या हर्लीने, लागोपाठ. आम्हाला जेवणाचं ताट मिळतंय आणि तुम्ही खडा दाखवताय.

बाकावरचा
खडा नाही. माउईत त्यानंतरचे दोन सामनेही हरले. तीनपैकी तीन.

चष्मिष
यावर अभ्यास झालेला आहे. २०१९ चा पेपर, हायस्कूल आणि कॉलेजच्या २३ बास्केटबॉल टीम, हाफटाइमची ३०४ भाषणं रेकॉर्ड केली. कोच चिडून, कडवट बोलला तर दुसऱ्या हाफात खेळ सुधारतो, पण एका मर्यादेपर्यंत. त्यापुढे गेला की घसरतो. म्हणजे दोघंही अर्धे बरोबर आहात.

फटकळ
अर्धा बरोबर म्हणजे बरोबरच. आभारी आहे.

उंटावरून
अवांतर: मी आज मुद्दाम मोजे तपासून घातले. करंगळीपाशी खरंच घडी पडते. चाळीस वर्षं लक्षात आलं नव्हतं.

सोफ्यावरून
मोज्यांबद्दल मला गंभीर बोलायचंय. तो शांतपणा नव्हे, नियंत्रण आहे. मोजे मी सांगतो तसे, केस मी सांगतो तेवढे, दाढी नको. त्याचा स्टार खेळाडू बिल वॉल्टन एकदा दाढी वाढवून आला आणि म्हणाला हा माझा हक्क आहे. वुडन म्हणाला, तुझ्या ठामपणाचा मला आदर आहे, टीमला तुझी उणीव भासेल. वॉल्टन सायकल मारत न्हाव्याकडे. आवाज न चढवता माणसाचा गळा धरता येतो तो असा. नाइटने हात वापरला एवढाच फरक.

रिबाउंड_राणी
काहीही! दाढी करायला सांगणं आणि गळ्यावर हात जाणं एकच? माझ्या मुलीच्या टाचेला सीझनच्या दुसऱ्याच आठवड्यात फोड आला. कोच ओरडली, "टेप लाव आणि पळ." तिने ते लपवलं, फोड चिघळला, तीन आठवडे घरी. मोजे कसे घालायचे ते कुणी दोन मिनिटं सांगितलं असतं तर ते तीन आठवडे गेले नसते. तुम्ही 'नियंत्रण' वगैरे सोफ्यावरूनच बोलू शकता.

सोफ्यावरून
आयडीवरून टोमणा नको. फोड बुटामुळे येतो, मोज्यामुळे नाही.

निवृत्त पंच
दोन्हीमुळे येतो. घाम धरून ठेवणारे सुती मोजे हे खरं कारण.

उंटावरून
दोन मोजे एकावर एक घालावेत का? माझे काका घालत.

सोफ्यावरून
दोन घातले की बूट अर्धा नंबर मोठा लागतो, आणि तेच तर वुडनला नको होतं. म्हणजे बघा, शेवटी सगळं त्याच्याच मर्जीने.

फटकळ
मूळ विषय कोचचा स्वभाव. दहा प्रतिसाद मोज्यांवर. असल्या लोकांना कोणी बोलू शकत नाही म्हणून देश बुडतात.

बरं, बाकावरचे, तुमच्या शांत कोचांचा आजचा हिशेब. टोनी बेनेट, व्हर्जिनिया. २०१८ ला पहिला मानांकित असून सोळाव्या मानांकित यूएमबीसीकडून ७४-५४ मार खाल्ला, पुरुषांच्या स्पर्धेत तोवर कधीच न घडलेली गोष्ट. मी टीव्हीसमोर किंचाळत होतो, हा माणूस बाकावर पुतळा.

बाकावरचा
आणि २०१९ ला तोच पुतळा विजेता. हरल्यावर त्याने पोरांवर खापर फोडलं नाही, म्हणून काइल गाय, टाय जेरोम, डीआंड्रे हंटर हे खेळाडू राहिले. तीच पोरं परत आली आणि जिंकली. तुमच्या नाइटने त्या रात्री ड्रेसिंग रूममध्ये काय केलं असतं?

फटकळ
आणि ऑक्टोबर २०२४ ला, सीझन तोंडावर असताना, हे आजचं वातावरण माझ्यासाठी नाही म्हणून निवृत्त. टिकला? पोर्टल आहे, २०२१ पासून पोरांना पैसे आहेत. शांत माणसाचं हे युग नाही.

बाकावरचा
उलट आहे. पूर्वी पोरगं कॉलेज बदललं की एक वर्ष बाहेर बसायचं. तो दोर कोचच्या हातात होता म्हणून शिव्या चालायच्या. २०२१ ला एकदा बदलायची मोकळीक मिळाली, मग कितीदाही. आमच्या कोचचे आठ खेळाडू दोन वर्षांत गेले असते, फक्त तेव्हा जाता येत नव्हतं. तुम्ही ज्याला कणखर टीम म्हणता ती अडकलेली टीम असू शकते.

आणि बॉल फेकून मारणारा, घाणेरड्या शिव्या देणारा रटगर्सचा कोच २०१३ मध्ये चित्रफीत टीव्हीवर आल्यावरच गेला. आधी तीन सामन्यांची बंदी आणि दंड, बस्स. तो तरी किती जिंकला?

फटकळ
मी खरं सांगू? हा विषय माझ्या घरातला आहे म्हणून चिडतो.

माझा मुलगा डिव्हिजन थ्री खेळला. तिथे खेळाची स्कॉलरशिप नसते, निव्वळ हौस. चार वर्षं त्याचा कोच एकदाही ओरडला नाही. एकदाही. गोड हसायचा, पाठीवर थाप, "गुड वर्क." आणि पोरगा बाकावर. का, ते चार वर्षांत सांगितलं नाही. घरी येऊन विचारायचा, "बाबा, माझं काय चुकतंय?" मी काय सांगणार, मी काय कोच आहे? शेवटच्या सीझनच्या शेवटच्या सामन्यात दोन मिनिटं खेळवलं, तेही वीस पॉइंटनी पुढे असताना. त्या कोचने एकदा शर्ट धरून "तुझा डावा हात कच्चा आहे, गाढवा" म्हटलं असतं तर मी त्याच्या पाया पडलो असतो.

रिबाउंड_राणी
हे आधीच लिहायचं ना. नाइटच्या खुर्चीमागे कशाला लपलात.

निवृत्त पंच
+१. आणि तो स्वभाव शांत नाही, बेपर्वा आहे. पंचांशीही असे कोच फार गोड असतात.

बाकावरचा
फटकळ, हे पटलं. नाइलाजाने. गप्प बसणं ही शिक्षा असते हे माझ्या मूळ लेखात नव्हतं, असायला हवं होतं.

पण आता तुम्ही तरी कबूल करा, तुमच्या मुलाला हवं होतं ते "डावा हात कच्चा आहे" एवढंच. शर्ट आणि गाढव तुम्ही जोडलंत.

फटकळ
गाढव माझं. शर्टही सोडतो. खुर्ची सोडणार नाही.

आता माझा एक प्रश्न. त्या तुमच्या बूट आपटणाऱ्याशी आता बोलणं आहे का? की फक्त समासातच?

बाकावरचा
हा प्रश्न येऊ नये असं वाटत होतं.

पहिल्या नोकरीसाठी शिफारसपत्र त्यानेच दिलं. दोन पानी, हाताने लिहिलेलं. त्यात एक वाक्य होतं की या मुलाला बाकावरून जे दिसतं ते मला दिसत नाही. म्हणजे तो 'मा'चा कागद त्याच्यापर्यंत पोचला होता. कधी, ते माहीत नाही. पुढच्या सीझनला तो कमी ओरडला का? नाही. तेवढाच.

फटकळ
हाताने लिहिलेलं दोन पानी पत्र! आणि त्याच्यावर हा अख्खा धागा! कृतघ्न मेला.

बाकावरचा
पत्र छान होतं. पॉइंट गार्डचे अकरा 'मा' तरी राहतातच. त्या पोराने पुढच्या वर्षी खेळणं सोडलं. त्याला पत्र मिळालं की नाही, मी विचारलेलं नाही.

चष्मिष
त्या पेपरमध्ये असंही आहे की

फटकळ
नको.

उंटावरून
सगळं वाचलं. बूट नेमका कोणत्या नंबरचा घ्यायचा ते कुणी सांगेल का? उद्या दुकानात जातोय.